पाण्यात गर्दी नाही

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो, त्या घराच्या मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. वहिनी मात्र ‘अहो, हळू’ म्हणायच्या. भाऊ मूळचे नागपूरचे. नोकरी डेटा सेंटरमध्ये. तिथे एका हॉलमध्ये हजारो सर्व्हर, त्यांचे हजारो पंखे, आणि त्या घरघरीत शेजारच्या माणसाला काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागतं. भाऊंनी अशी अर्धी हयात ओरडण्यात घालवली होती आणि घरी येताना आवाज खाली करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकदा शेजारचे म्हातारे अमेरिकन गृहस्थ काळजीने विचारायला आले, घरात सगळं ठीक आहे ना? भाऊ वहिनींना सांगत होते की वरण फर्स्टक्लास झालंय.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते.

“स्वयंपाक करतो का?”

“हो.”

“फोडणीत लसूण टाकतो का?”

“हो.”

“राहा. आणि मला काका म्हणायचं नाही. केस गेले म्हणून माणूस काका होत नाही.”

भाऊंचा आवडता शब्द होता ‘शिस्टम’. जगातल्या प्रत्येक गोष्टीची एक शिस्टम असते, आणि ती समजली की काम झालं, असं त्यांचं ठाम मत. बर्फ पडला की तो बाजूला सारणारा काउंटीचा नांगर कुठल्या रस्त्याने येतो, कुठे वळतो याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्या अभ्यासानुसार ते गाडी लावायचे आणि दर हिवाळ्यात आमच्या गल्लीत तेवढी एकच गाडी छपरापर्यंत गाडली जायची. मग मी आणि ते फावडी घेऊन बाहेर. “शिस्टम बरोबर होती,” ते धापा टाकत म्हणायचे, “ड्रायव्हर नवीन होता बे.”

त्यांची एकुलती एक मुलगी यशोधरा. घरात यशो. मी राहायला आलो तेव्हा ती नववीत होती. चणीने चिमणीएवढी, पण आवाज बापाचा. वरच्या मजल्यावर बाप-लेकीचं गणितावरून बोलणं चालू झालं की माझ्या खोलीतल्या वाट्या किणकिणायच्या.

त्याच वर्षी मराठी मंडळाच्या पिकनिकला भाऊंनी सर्व्हे केला. भेटेल त्या आई-बापाला धरून विचारलं, तुमचं लेकरू अभ्यासाशिवाय काय करतं? संध्याकाळी ते पोह्यांची डिश घेऊन माझ्याकडे खाली आले आणि माझ्या पलंगावर बसले.

“व्हायोलिन, रोबो, बुद्धिबळ, भरतनाट्यम. पुन्हा व्हायोलिन. सगळ्यांच्या फायली एकसारख्या. तो कॉलेजवाला तरी काय करीन बिचारा? आपल्याला ती लाइन पाहिजे जिथे कोणी उभं नाही.”

“मग?”

“पाणी.”

“पाणी?”

“रोइंग. होडी वल्हवणं. मोठमोठ्या कॉलेजांच्या टीम असतात. तिथल्या कोचला पोरगी आवडली तर तो अ‍ॅडमिशनवाल्यांना सांगते, ही मला पाहिजे. मार्क आहेतच आपल्या यशोचे. आपला एक तरी माणूस पाण्यात पाहिला का तू? पाण्यात गर्दी नाही!”

आता यात गंमत अशी की भाऊ स्वतः पाण्याला विलक्षण घाबरायचे. लहानपणी कधीतरी तलावाच्या पायरीवरून पाय घसरला होता, तेव्हापासून. सगळे धबधबा बघायला गेलो तर ते पार्किंग लॉटमध्ये बसून राहिले. नदीवरचा पूल आला की गाडीच्या काचा वर करायचे. पण पाण्यात जायचं होतं यशोला, त्यांना नाही. त्यामुळे शिस्टममध्ये काही अडचण नव्हती.

पुढच्या आठवड्यात रोइंग मशीन आलं. लांबलचक लोखंडी रूळ, त्यावर सरकणारी बैठक, पुढे साखळीला दांडी. ते हॉलमध्ये ठेवायला वहिनींनी साफ नकार दिला. तिथे बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यासमोर हे धूड त्यांना चालणार नव्हतं. मग ते कुठे ठेवलं, हे सांगायला नको. माझा पलंग आणि माझी शेगडी यांच्यामध्ये. चहा करायला मला त्याला ओलांडून जावं लागायचं.

उद्घाटन भाऊंनी स्वतः केलं. “बघ यशो, पायांनी रेटायचं, पाठ सरळ,” असं म्हणत त्यांनी दांडी ओढली. बैठक सणकन मागे गेली आणि भाऊ तिच्यावरून न थांबता तसेच मागे गेले, थेट माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत. जिन्यावरून आवाज आला, “अहो, हळू.”

तेव्हापासून माझी सकाळ पिठाच्या गिरणीशेजारी झोपल्यासारखी उजाडू लागली. यशो “सॉरी दादा” म्हणत दबक्या पावलांनी खाली यायची, पण तिच्यामागून भाऊ यायचे, आणि त्यांना दबकं पाऊल माहीत नव्हतं.

“ओढ! ओढ बे! विहिरीचा दोर समज!”

“बाबा, मी विहीर कधी बघितलीच नाहीये!”

“मग नेटवर पाह्य आणि ओढ!”

मी पांघरुणात डोकं घालून मनातल्या मनात दुसरी खोली शोधायचो. शोधली मात्र कधीच नाही. कारण सांगता येणार नाही, पण त्या घरात माणसाला एकटं वाटायची सोय नव्हती आणि मी त्या देशात नवीन होतो.

अडचण उंचीची होती. वल्हवणाऱ्या मुली ताडमाड लागतात. यशो जेमतेम पाच फूट. भाऊंनी शिस्टम बसवली. बेसमेंटच्या दारात लोखंडी दांडा ठोकला आणि यशोला रोज त्याला लटकवायला सुरुवात केली. सकाळी नाचणीचं सत्त्व, रात्री दूध. मी ऑफिसातून आलो की माझ्या दारात एक मुलगी लोंबकळत असायची आणि लोंबकळतच इतिहासाचं पुस्तक वाचत असायची.

“दादा, do I look taller?”

“थोडी,” मी म्हणायचो. हात लांब झाल्यासारखे मात्र खरंच वाटत होते.

यशोच्या शाळेच्या टीमची कोच एक साठीची अमेरिकन बाई होती. गळ्यात शिट्टी, हातात थर्मास, चेहरा वाऱ्याने रापलेला. तिने यशोला दोन आठवडे पाहिलं आणि निर्णय दिला, ही वल्हवणार नाही. ही कॉक्स होणार. कॉक्स म्हणजे होडीच्या टोकाला बसून सुकाणू धरणारी आणि बाकीच्यांना हुकूम सोडणारी.

भाऊ हादरले. मला गाडीत घालून थेट नदीवर. “आठ पोरी मेहनत करणार आणि माझी पोरगी नुसती बसून ओरडणार? ते तर ती घरी पण करते!”

कोचबाईंनी थर्मासमधून कॉफीचा घोट घेतला. त्यांचं म्हणणं मी मराठीत सांगतो. त्या म्हणाल्या, “सर, उंच मुली मला खूप मिळतात. एवढी लहान आणि एवढी मोठ्या आवाजाची मुलगी मला एवढ्या वर्षांत मिळाली नाही. आणि एक लक्षात घ्या. वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात. आपण कुठे चाललोय हे त्यांना दिसत नाही. होडीत ते फक्त तुमच्या मुलीला दिसतं.”

परतीच्या रस्त्यात पूल आला, भाऊंनी काचा वर केल्या, पूल गेला, काचा खाली केल्या. मग एकदम स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले, “अ‍ॅडमिन! अबे, आठ पोरी म्हणजे सर्व्हर आणि आपली यशो अ‍ॅडमिन! अ‍ॅडमिनशिवाय सर्व्हर काय करून राहिले?”

त्या संध्याकाळी दारातला दांडा निघाला. कारण आता उलटी काळजी सुरू झाली, पोरगी वाढली तर? जी उंचीची पेन्सिलची खूण भिंतीवर वर सरकावी म्हणून ते जीव टाकत होते, ती तिथेच राहावी म्हणून रोज तपासू लागले. नाचणी बंद. एके दिवशी जेवताना त्यांनी यशोच्या ताटातली दुसरी पोळी उचलायला हात पुढे केला मात्र, आणि वहिनींनी पळी टेबलावर आपटली.

“पोरीच्या ताटाला हात लावायचा नाही. होडी गेली खड्ड्यात.”

“अगं, कॉक्स हलकी लागते...”

“कोचबाईंना मी फोन केला होता. ती जास्तच हलकी आहे. वजन भरत नाही म्हणून रेसला तिच्याजवळ वाळूची पिशवी ठेवतात. वाळू कशाला? मी तूप वाढते.”

तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. भाऊ सगळ्या जगावर ओरडायचे, पण वहिनींनी आवाज न चढवता काही म्हटलं की तो सुप्रीम कोर्टाचा निकाल असायचा.

अकरावीत कॉलेजच्या कोचशी पत्रव्यवहार सुरू झाला. वल्हवणाऱ्या मुली मशीनवरची आपली वेळ पाठवतात. कॉक्स काय पाठवणार? तर रेसमधलं रेकॉर्डिंग. ती होडीत काय बोलते, कशी बोलते. मी पुण्याला कॉलेजात असताना नाटकांचं ध्वनिसंयोजन केलं होतं, असं एकदा बोलून गेलो होतो. झालं. रविवारी भाऊ आणि मी हेडफोन लावून बसलो, यशो शेजारी.

सुरुवातीला सगळं व्यवस्थित इंग्रजीत. अंतर, लय, पुढची होडी किती लांब. मग होड्या अटीतटीला आल्या आणि यशोच्या आवाजाचा रंग बदलला.

“ओढ! ओढ बे! झोपून राहिली का तू? तीन नंबर, काहून मरून राहिली? ओढा! विहिरीचा दोर!”

भाऊंनी हेडफोन काढले. चेहरा पांढरा. “यशो! हे काय बोलून राहिली तू? गोऱ्या पोरींना?”

“You say it every single day, बाबा.”

“मी घरात म्हणतो!”

“त्यांना आवडतं. They all say ‘बे’ now.”

भाऊंना ते सगळं कापून टाकायचं होतं. पण ते कापलं तर रेसचा शेवटच उरत नव्हता, आणि ती रेस यशोची होडी जिंकली होती. म्हणून रेकॉर्डिंग आहे तसंच गेलं. महिनाभराने एका मोठ्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. नाव घेतलं की पिकनिकमधल्या बायका एकमेकींकडे बघतील, असं कॉलेज. स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवला होता आणि आम्ही चौघं ओट्याभोवती श्वास रोखून उभे. यशोशी छान गप्पा झाल्यावर त्या कॉलेजच्या बाईंनी विचारलं, शेवटच्या टप्प्यात ती एक शब्द सारखा वापरते, ‘बे’. तो कुठल्या टेक्निकसाठी आहे?

यशो काही बोलायच्या आत भाऊ पुढे झाले. “मॅडम, इट इज नॉट टेक्निक. आमच्याकडे तो वाक्याच्या शेवटी येतो.”

“म्हणजे फुलस्टॉप?”

“फुलस्टॉपच. बट विथ लव्ह.”

बाई पोटभर हसल्या. यशोला त्यांनी कॉलेज बघायला बोलावलं.

त्याच वसंतात कोचबाईंनी भाऊंना आपल्या मोटारबोटीतून सराव बघायला यायचं आमंत्रण दिलं. नाही म्हणणं शक्य नव्हतं, कारण यशो समोर उभी होती. “तू पण चल,” भाऊ माझा दंड धरून म्हणाले. “बुडालो तर घरी सांगायला कोणी पाहिजे.”

लाइफ जॅकेटात ते दप्तर उलटं अडकवलेल्या पोरासारखे दिसत होते. बोट सुटली तसे त्यांनी दोन्ही हातांनी काठ पकडला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले, “बुद्धं सरणं गच्छामि...” बऱ्याच वेळाने पाण्यावरून एक आवाज आला. शांत, खणखणीत, एकही शब्द वाया न घालवणारा.

“ही कोण बोलून राहिली?” भाऊंनी डोळे न उघडता विचारलं.

“यशो.”

त्यांनी डोळे उघडले. धुक्यातून लांबलचक होडी येत होती. आठ धिप्पाड मुली एकदम वाकत होत्या, एकदम उठत होत्या, आणि टोकाला आमची यशो, नुसतं डोकं वर. आदल्या दिवशी वादळ झालेलं, नदीत फांद्या वाहत होत्या. पाण्याबरोबरीचा एक ओंडका आम्हाला कुणालाच दिसला नाही. तिला दिसला. “थांबा!” ती ओरडली, मराठीतच, आणि आठही वल्ही एका क्षणात पाण्यात रुतली. ओंडका होडीच्या नाकासमोरून संथपणे निघून गेला. यशोने हलक्या आवाजात काहीतरी म्हटलं आणि होडी पुन्हा चालू लागली.

परत येताना भाऊंनी पुलावर काचा वर केल्या नाहीत. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्यानंतर त्यांनी एक चूक केली. त्या मोठ्या कॉलेजचे स्वेटशर्ट मागवले. स्वतःला, वहिनींना, यशोला आणि मलाही. पिकनिकला ते घालून गेले. कुणी विचारलं नाही तरी सांगितलं, आणि भाऊंनी सांगितलं म्हणजे शेजारच्या पार्कलाही कळलं.

बारावीच्या सुरुवातीला त्या कॉलेजमधून फोन आला. कॉक्सची जागा दरवर्षी एखादीच. शेवटी दोन मुली उरल्या होत्या आणि ती जागा दुसरीला गेली. बाईंनी फार चांगल्या शब्दांत सांगितलं. यशोने “थँक यू फॉर टेलिंग मी” म्हटलं, फोन ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे काही आठवडे मला नीट आठवतात, कारण घरात आवाज नव्हता. मला सकाळी चक्क गजराने जाग यायची. भाऊ कामावर जात, येत, जेवत. यशोच सावरली आधी. “बाबा, मी स्टेट युनिव्हर्सिटीत जाईन आणि तिथे टीमसाठी ट्राय करीन. It’s okay. Really.” भाऊ मान हलवायचे. स्वेटशर्ट घालून ते आता पन्हळीतली पानं काढायचे. दिवाळीच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर मुद्दाम विचारलं, “काय झालं हो तुमच्या त्या होडीचं?”

“बुडाली,” भाऊ म्हणाले आणि चकलीचा तुकडा मोडला.

मला वाटलं, शिस्टम फसली, आता हा माणूस नदीचं नाव काढणार नाही. मशीनही विकून टाकतील, माझी चहाची वाट मोकळी होईल. मग हिवाळ्यात एका शनिवारी भाऊ खाली आले. कपाळावर पोहण्याचा चष्मा.

“चल. कम्युनिटी सेंटरला.”

“कशाला?”

“पोहायला. सिझनच्या शेवटी पालकांची होडी असते. पोरं कॉक्स होतात आणि आई-बाप वल्हवतात. पण कोचबाई म्हणते, पोहता आलं पाहिजे.”

“भाऊ, पण आता त्याचा कॉलेजला काय उपयोग?”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी अश्लील बोललो. “अबे, सगळं काय उपयोगासाठीच करते का माणूस?”

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी मुकाट्याने टॉवेल घेतला.

नवशिक्यांच्या वर्गात भाऊ सोडून बाकी सगळे बालवाडीतले होते. शिकवायला एक हायस्कूलचा मुलगा. “आता तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे!” पोरांनी काढले. भाऊंनी तोंड घातलं, आणि पाण्याखालूनही शब्द ऐकू येतात हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. काय शब्द होते ते तिथे फक्त मला समजलं, हे नशीब. शेजारची गुलाबी टोपीवाली चिमुरडी त्यांना दर वेळी धीर द्यायची, “You can do it!” आणि भाऊ दर वेळी तिला मनापासून “थँक यू, मॅडम” म्हणायचे. मी साताऱ्याकडचा, विहिरीत पोहायला शिकलेला. बाजूच्या लेनमध्ये असायचो. बर्फ वितळेपर्यंत ते कुत्र्यासारखे हातपाय मारत का होईना, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागले. पहिल्यांदा पोचले तेव्हा काठाला धरून बराच वेळ नुसते उभे राहिले. चष्म्यात पाणी गेलंय म्हणाले.

मे महिन्यात पालकांची होडी निघाली. यशोला तोवर स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता, आणि पुढे ती तिथल्या टीमची कॉक्सही झाली. कोचबाईंनी भाऊंना मुद्दाम कॉक्सच्या समोरची जागा दिली. म्हणजे बाप आणि लेक समोरासमोर, गुडघ्याला गुडघे टेकतील एवढ्या अंतरावर. मी आणि वहिनी काठावर. होडी धक्क्यापासून सुटते न सुटते तोच भाऊ सुरू झाले.

“यशो, डावीकडे फांदी आहे... ते दोन नंबरचे साहेब उशिरा ओढून राहिले...”

“बाबा, होडीत बोलायचं नाही.”

“अगं, पण मी सांगून राहिलो...”

“बाबा.” आवाज चढला नाही. तो वहिनींचा आवाज होता, मी शपथेवर सांगतो. “मागे बघू नका. माझ्याकडे बघा.”

भाऊंनी तोंड मिटलं आणि तिच्याकडे पाहिलं. होडी वाकडीतिकडी गेली, दोनदा काठाला घासली आणि शेवटी आली. धक्क्याला लागल्यावर सगळे पालक कमरेला हात लावत, हसत उतरले. भाऊ उतरेनात.

“अजून एक चक्कर,” ते म्हणाले.

त्यांच्या हातांची सालटं निघाली होती. यशोने त्यांच्याकडे पाहिलं, मग कोचबाईंकडे. कोचबाईंनी खांदे उडवले. बाकीचे पालक कुरकुरत पुन्हा बसले, पण भाऊंच्या मागच्या जागेवरचे गृहस्थ पाठीला हात लावून धक्क्यावरच बसले ते बसलेच.

“तू ये बे,” भाऊ माझ्याकडे बोट दाखवून ओरडले. “तुला पोहता येते!”

मी जीन्समध्येच होडीत उतरलो. पाय पट्ट्यांत अडकवले, वल्हं धरलं. माझ्यासमोर भाऊंची रुंद, घामाने चिंब झालेली पाठ होती आणि तिच्यापलीकडची यशो मला अजिबात दिसत नव्हती. नुसता तिचा आवाज यायचा. मी भाऊंच्या पाठीमागून हळूच विचारलं, “आता काय करायचं?”

ते वळले नाहीत. काही बोललेही नाहीत. यशो म्हणाली, “ओढा,” आणि ते पुढे वाकले, म्हणून मीही वाकलो.